दुपारी एक वाजता खोली कुणाची?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की बेंगळुरूतल्या मराठी घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. पुण्याहून ताई येणार, बेळगावहून भाऊजी येणार, पोरांना वंडरला दाखवायचं आणि या वेळी तिथेच राहायचं. मग फोन फिरतात. खोली पोहण्याच्या तलावाकडची घ्यायची की बागेकडची? नाश्ता धरून की सोडून? आजी-आजोबांना वेगळी खोली, की त्याच खोलीत जादा गादी?

हे सगळे प्रश्न नंतरचे. घरात सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर पहिला प्रश्न एकच: दुपारी एक वाजता खोलीची किल्ली आपल्या हातात असेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तलाव, बाग, नाश्ता आणि सवलत, सगळ्यांवर पाणी सोडा. ती खोली तुमच्या उपयोगाची नाही.

*

आधी जागेची ओळख. म्हैसूर रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून साधारण २८ किलोमीटरवर, बिडदीच्या अलीकडे वंडरला आहे. व्ही-गार्डचे कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी २००० साली कोचीत पहिलं करमणूक उद्यान काढलं आणि २००५ मध्ये ते बेंगळुरूत आले. ८२ एकर जागा, साठच्या वर खेळ, त्यांतले बरेच पाण्याचे. २०१२ मध्ये उद्यानाला लागूनच ८४ खोल्यांचं रिसॉर्ट सुरू झालं. म्हणजे उद्यान आणि बिछाना एकाच आवारात. लहान मुलांच्या आईबापांना यापेक्षा सोयीचं काय असणार?

सोय खरी आहे. पण ती घड्याळात अडकते.

वंडरलाचे दरवाजे साधारण सकाळी ११ वाजता उघडतात. आपल्याकडच्या बहुतेक रिसॉर्टांत खोली दुपारी १ ते २ च्या दरम्यान ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी ११ ते १२ च्या दरम्यान सोडावी लागते. आता एका रात्रीचं आरक्षण डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी अकराला उद्यानात शिरलात, तर एक वाजता खोली तुमची झालेली नाही. दुसऱ्या दिवशी अकराला शिरलात, तर एक वाजता ती तुमची राहिलेली नाही. पैसे भरले २४ तासांचे. ज्या दोन तासांसाठी भरले, नेमके तेच दोन तास दोन्ही दिवशी हातातून निसटले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी झोपेची मार्गदर्शक सूत्रं दिली. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, आणि यात दिवसाची झोपही धरलेली आहे. आपल्या आज्यांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. ‘जेवण झालं की पोराला आडवं कर’ हा घरोघरीचा नियम होता. सहलीला निघालं की आपण तो नियम पहिला मोडतो आणि संध्याकाळी पोर किरकिरं झालं की त्यालाच हट्टी म्हणतो.

कुठल्याही रविवारी दीडच्या सुमाराला पाण्याच्या खेळांजवळ उभं राहून पाहा. ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं तीन वर्षांचं पोर आईच्या खांद्यावर. ओठ थरथरतायत, डोळे अर्धे मिटलेत, एक हात आईच्या ओल्या वेणीत. बाबांच्या एका हातात चार जणांच्या चपला, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेला बटाट्याच्या तळलेल्या कापांचा कागदी डबा. ते सावलीतला बाक शोधतायत. बाक आहे, पण त्यावर दुसऱ्या कुणाच्या पिशव्या आहेत. सात वर्षांची ताई बाबांचा शर्ट ओढत ‘अजून एकदा, फक्त एकदा’ म्हणतेय. आजी भिंतीला टेकून उभ्या. त्यांना बसायचं आहे आणि त्या बोलत नाहीत. यातल्या कितीतरी कुटुंबांची खोली भिंतीपलीकडे आरक्षित असते, पैसे भरलेले असतात, आणि खोली दोन वाजता मिळणार असते.

हा कुणाचा निष्काळजीपणा नाही. हॉटेलचं वेळापत्रक धंद्यासाठी एकटं फिरणाऱ्या माणसाच्या सोयीचं आहे. रात्री झोपा, सकाळी आवरा, बॅग घ्या, निघा. त्या वेळापत्रकात तीन वर्षांचं मूल बसवायला गेलो की मूलच कोलमडतं.

*

यावर तोडगा आहे आणि तो साध्या हिशेबाचा आहे. एक रात्र घेतली की हाती येणारे पूर्ण दिवस शून्य. दोन रात्री घेतल्या की पूर्ण दिवस एक.

पहिल्या दिवशी दुपारी दोन-तीनला पोचायचं आणि उद्यानाचं नावही काढायचं नाही. सामान लावायचं, मुलाला नवी खोली, नवा पलंग, नवं न्हाणीघर दाखवायचं, जेवून लवकर झोपवायचं. लहान मूल नव्या जागी पहिल्या रात्री धड झोपत नाही. ती रात्र उद्यानाच्या दिवसाआधी उरकलेली बरी. मधला दिवस संपूर्ण तुमचा: अकराला आत, एकला बाहेर, खोलीत मऊ भात, पडदे ओढून दोन तास झोप, आणि साडेतीन-चारला ताजंतवानं पोर घेऊन पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून घरी.

दोन रात्री परवडत नसतील, तर एकही रात्र घेऊ नका. हा माझा स्पष्ट कौल आहे. एका रात्रीच्या पैशात अर्धी सोय पदरात पडत नाही, अजिबात पडत नाही. अपवाद एकच: रिसॉर्ट तुम्हाला सकाळी अकराच्या आत खोली देणार असेल किंवा दुसऱ्या दिवशी तीन-चारपर्यंत ठेवू देणार असेल. ‘उपलब्धतेनुसार बघू’ या उत्तराला होकार समजू नका. सुट्टीच्या दिवसांत ८४ खोल्यांच्या जागेत उपलब्धता नसते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. जे मान्य केलं ते ईमेलवर लेखी मागा. जादा पैसे पडत असतील तर तेही त्यातच लिहून घ्या.

दुसरा प्रश्न याच पोटातला, आणि तो विचारायला निम्मे लोक विसरतात. उद्यानातून बाहेर पडून त्याच तिकिटावर परत आत जाता येतं का? एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा न घेण्याची पद्धत अनेक करमणूक उद्यानांत असते. रिसॉर्टच्या पाहुण्यांना वेगळा नियम आहे का, मनगटावर पट्टी बांधतात का, दुपारी कोणत्या फाटकाने ये-जा करायची, हे सगळं आधी विचारा. परत प्रवेश नसेल, तर फाटकाला लागून असलेली खोली आणि पाच कोसांवरची खोली सारखीच.

*

आता मूल म्हणजे किती वर्षांचं? याचं उत्तर प्रत्येक खिडकीवर वेगळं मिळतं आणि त्या फटीत आपले पैसे पडतात.

रेल्वे वय बघते: पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा वयात वेगळी जागा न घेता अर्धं भाडं, आणि जागा हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण. हॉटेल वयच बघतं, पण प्रत्येकाची रेघ निराळी. कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे सहा, कुठे बारा. उद्यान वय विचारतच नाही, तिथे उंची मोजतात. वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, ८५ ते १४० पर्यंत मुलाचं तिकीट, त्यावर मोठ्याचं, अशी पद्धत आहे. जाण्याआधी ताजा नियम पडताळून घ्या, पण मोजमाप उंचीचंच राहणार हे धरून चाला.

याचा परिणाम बघा. तुमचं चार वर्षांचं पोर रेल्वेत फुकट, हॉटेलात बहुधा फुकट. पण ते शंभर सेंटिमीटरचं आहे, म्हणून उद्यानात तिकिटाचं. तिकीट काढून आत गेल्यावर ज्या थरारक खेळांची जाहिरात बघून तुम्ही आलात, त्यांच्या दाराशी उंचीची पट्टी उभी असते आणि तिथे हे पोर बसत नाही. तो नियम योग्यच आहे. पट्टा आणि कडी मोठ्या शरीरासाठी बनवलेली असते, त्यात लहान मूल बसवणं हा जिवाशी खेळ. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणारे बाप मी पाहिले आहेत. पाच सेंटिमीटरसाठी बोटांवर उभं राहायला शिकवणारे आईबापही पाहिले आहेत. हे करू नका. तो कर्मचारी तुमच्या मुलाचा जीव सांभाळतो आहे.

म्हणून आरक्षणाआधी मुलाला घरातल्या दाराच्या चौकटीला उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. मग उद्यानाच्या खेळांची उंचीनिहाय यादी काढून बसा. घरातली सगळी मुलं एक मीटरच्या आतबाहेर असतील, तर त्यांच्यासाठी तिथे अर्ध्या दिवसापुरतंच आहे: लहान मुलांचा उथळ तलाव, हळू फिरणारे पाळणे, बुटक्या घसरगुंड्या. अर्ध्या दिवसासाठी दोन रात्रींचं रिसॉर्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. अशा कुटुंबाने मूल मोठं होण्याची वाट पाहावी. कब्बन पार्कातलं जवाहर बाल भवन, विश्वेश्वरय्या विज्ञान संग्रहालय, बन्नेरघट्ट्याचं प्राणी उद्यान, हे सगळं याच शहरात आहे, आणि तिथून दुपारी घरी येऊन झोपता येतं. एक मूल सव्वा मीटरच्या वर आणि एक खाली असेल, तरच रिसॉर्ट खऱ्या अर्थाने कामाचं: एक पालक धाकट्याला घेऊन खोलीत, दुसरा थोरलीबरोबर आत. भांडण नाही, ओढाताण नाही.

*

पैशाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती इथे आकड्यांत सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्या रेघेच्या वर गेलात की १८ टक्के, आणि तोही पूर्ण रकमेवर. ७,५०० ची खोली करासह पडते ७,८७५ ला. ७,६०० ची खोली पडते ८,९६८ ला. भाड्यात शंभर रुपयांचा फरक, बिलात जवळजवळ अकराशेंचा. रेघेच्या आसपासची खोली असेल तर नाश्ता किंवा इतर काही वगळून भाडं रेघेखाली बसतं का, हे विचारायला लाजू नका. ज्या हॉटेलची खोली मागच्या आर्थिक वर्षात ७,५०० च्या वर गेली, तिथल्या रेस्टॉरंटातल्या जेवणावरही १८ टक्के लागतात. चार जणांची सहा जेवणं त्या दराने झाली की खिशाला चांगलीच चाट बसते.

आणि ‘कुटुंब पॅकेज’ उलगडून बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन मोठे, दोन मुलं, खोली, नाश्ता आणि उद्यानाचं तिकीट अशी मोळी बांधलेली असते. त्यातलं धाकटं ८५ सेंटिमीटरच्या आत असेल, तर त्याच्या तिकिटाचे पैसे तुम्ही उगाच भरता आहात. खोली वेगळी, तिकीट वेगळं असा हिशेब कागदावर मांडा, मग मोळीशी ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

सर्वांत मोठी बचत मात्र पंचांगात आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या आईबापांनी शनिवार-रविवार का धरावा? मंगळवारी जा. रांगा कमी, भाडं बहुतेक ठिकाणी कमी, खोली लवकर मिळण्याची शक्यता जास्त. एक रजा टाकावी लागेल. ती टाका. लेकराचं रांगेत उभं राहण्याचं वय अजून आलेलं नाही.

*

खोली बघताना फोटो बाजूला ठेवा. फोटोत पांढरी चादर आणि त्यावर टॉवेलचा हंस दिसतो. पलंग भिंतीला लावता येतो का, ते दिसत नाही. पोर रात्री गडगडत पलंगावरून खाली पडतं, तेव्हा हंस कामाला येत नाही. फोनवर हे विचारा: पलंग भिंतीला सरकवता येईल का? खिडक्यांना डासांची जाळी आहे का? पडदे इतके जाड आहेत का की दुपारी काळोख होईल? सज्ज्याच्या कठड्याच्या गजांतून मुलाचं डोकं जाईल एवढी फट आहे का? आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजला मिळेल का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का?

तलावाबद्दल सर्वांत कडक व्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात बुडून मृत्यू येण्याचं प्रमाण १ ते ४ या वयात सर्वांत जास्त आहे. उद्यानात पाण्यापाशी शिट्ट्या घेऊन माणसं उभी असतात. रिसॉर्टच्या तलावावर संध्याकाळी सात वाजता कोण उभं असतं? तलावाला कुंपण आणि मुलाला न उघडणारं फाटक आहे का? खोलीच्या दारातून तलाव किती पावलांवर? ‘तलावाकडची खोली’ महाग विकली जाते. दोन-तीन वर्षांचं धावतं मूल असेल, तर स्वस्त मिळाली तरी तलावाकडची नको, बागेकडची घ्या. एका रिसॉर्टमध्ये आमच्या खोलीचं काचेचं सरकतं दार थेट तलावाच्या फरशीवर उघडायचं आणि त्याची कडी चार वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर होती. रात्री आम्ही दाराला सुटकेस लावून झोपलो. मी त्यानंतर कडीची उंची विचारल्याशिवाय पैसे भरत नाही.

जेवणाची काळजी बेंगळुरूत कमी. दहीभात इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळतो. ‘मोसरन्ना’ म्हणा, तिखट फोडणी नको म्हणा, काम झालं. नाश्त्याच्या लांबलचक टेबलावरचे केक आणि रंगीत सरबतं बघून मुलं हुरळतात आणि अकरा वाजता पाण्यात उलट्या करतात. त्यापेक्षा बिडदीची तट्टे इडली द्या. ताटलीएवढी, चपटी, कापसासारखी मऊ, वर लोण्याचा गोळा. दात पडलेल्या आजोबांपासून दात येणाऱ्या नातवापर्यंत सगळे खातात, आणि दोन-तीन तास पोटाला आधार राहतो. मेतकूट आणि तूप घरून न्या. खोलीतल्या किटलीत दूध मात्र उकळू नका. तळ जळतो आणि पुढच्या कुटुंबाच्या चहाला वास येतो.

कपड्यांचं आजच लक्षात ठेवा. पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचे लागतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत ऊन कलल्यावर ओलं पोर काकडतं. कोरड्या कपड्यांचे दोन जोड आणि कानटोपी पाहिजेच.

*

राहायचं कुणी आणि घरी परतायचं कुणी, याचाही निकाल लावून टाकू.

केंगेरी, राजराजेश्वरी नगर, विजयनगर या बाजूला राहत असाल तर रिसॉर्ट कशाला? म्हैसूर रस्ता तुमच्या दाराशी आहे. अकराला जा, दीडला निघा, पोर गाडीत झोपेल, घरी उचलून पलंगावर ठेवा. व्हाइटफील्डला राहत असाल, तर गोष्ट वेगळी. ९ ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत, ४३ किलोमीटरहून जास्त, सलग धावते. पण मेट्रो चल्लघट्टाला संपते, पुढे बिडदीच्या बाजूला रस्त्यानेच जायचं आणि संध्याकाळी ओले कपडे, झोपाळलेली पोरं घेऊन हाच प्रवास उलटा करायचा. रविवारी संध्याकाळी म्हैसूरहून परतणारं निम्मं शहर याच रस्त्यावर असतं. शहराच्या पूर्व टोकाच्या कुटुंबाला दोन रात्रींचं रिसॉर्ट पटण्यासारखं आहे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांना एकच विनंती: गाडीतून उतरून थेट उद्यानात जाऊ नका. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस, मिरज-बेळगावहून राणी चन्नम्मा. दोन्हीत रात्र काढलेलं पोर सकाळी डोळे चोळत उतरतं. त्याला त्याच दिवशी ८२ एकरांत फिरवणं म्हणजे छळ आहे. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारतही सुरू झाली आहे, तिने या. उतरल्याचा दिवस विश्रांतीचा, नातेवाइकांच्या घरचा. आणि स्वस्त मिळतं म्हणून व्हाइटफील्डला हॉटेल घेऊन बिडदीला जाण्याचा बेत तर मुळीच नको. भाड्यात वाचवलेलं टॅक्सीत जातं, आणि मुलाचा दिवस रस्त्यात.

*

हा प्रश्न एकट्या बेंगळुरूचा नाही. खोपोलीला २०१३ मध्ये इमॅजिका हे करमणूक उद्यान आलं आणि २०१५ मध्ये शेजारी नोव्होटेल उभं राहिलं. तिथेही हाच हिशेब करावा लागतो. अमेरिकेत १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या शेजारी डिस्नेलँड हॉटेल. ते डिस्नेने नव्हे, जॅक रॅदर या उद्योजकाने काढलं, कारण उद्यान बांधता बांधता डिस्नेकडचे पैसे संपत आले होते. १९७१ मध्ये फ्लोरिडात दुसरं उद्यान उघडलं तेव्हा मात्र हॉटेलं पहिल्या दिवसापासून सोबत होती. धंद्याला फार लवकर कळलं की पाहुणा फाटकाआत झोपला की त्याचा दुसरा दिवसही फाटकाआतच जातो. धंद्याने ते करावं. त्यात गैर काही नाही. पण जो माझा दुसरा दिवस ठेवून घेतो, त्याने माझ्या लेकराची दुपार सांभाळली पाहिजे.

आपल्याकडे याचा धडा जुना आहे. शेगावच्या संस्थानाचं भक्तनिवास पाहा. खोली साधी, पण झाडलेली, पुसलेली, भाडं परवडणारं. दर्शन घ्यायचं, महाप्रसाद घ्यायचा आणि लेकरांना घेऊन खोलीत टेकायचं. तिथे कुणी खोलीतून दिसणाऱ्या देखाव्याचे जादा पैसे मागत नाही. थकलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे तिथल्या सेवेकऱ्यांना कळलेलं आहे.

म्हणून बेंगळुरूच्या, खोपोलीच्या आणि जिथे जिथे अशी रिसॉर्टं आहेत तिथल्या चालकांना चार मागण्या. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या कुटुंबाला खोली सोडायची वेळ दुपारी तीन करा, भले थोडे पैसे लावा. एका रात्रीच्या पाहुण्यांसाठी उद्यानाच्या फाटकाआत दोन तासांच्या झोपेची खोली ठेवा: पंखा, पडदे, स्वच्छ गादी, एवढंच. आरक्षण करताना मुलाचं वय विचारता तशी उंचीही विचारा, आणि त्या उंचीला कोणते खेळ मिळतील ते पैसे घेण्याआधी दाखवा. आणि तलावाला कुंपण, कडी आणि माणूस यांची माहिती खोलीच्या फोटोशेजारी छापा.

हे आपोआप होणार नाही. आपण विचारायला लागलो की होईल. पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा पहिल्याच वाक्यात दुपारी एकच्या खोलीबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘हो’ आलं तर आनंदाने राहा. ‘नाही’ आलं तर एका दिवसाचं तिकीट काढा, दीड वाजता निघा आणि लेकराला घरी नेऊन झोपवा.